शनिवारी बंद असणारं पंचांग

पुण्यापेक्षा कोरेगाव भीमा इथे सूर्य पाऊण मिनिट आधी मावळतो. नगर रस्त्याने तीसेक किलोमीटर पूर्वेला आलं की एवढा फरक पडणारच. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, हे भूगोलाच्या मास्तरांनी सगळ्यांकडून घोकून घेतलेलं असतं आणि दहावीच्या परीक्षेनंतर ते कुणाच्याही उपयोगी पडलेलं नसतं. सणसवाडीच्या कारखान्यात माझ्याबरोबर असलेल्या एका दोस्ताला मात्र ते दर शुक्रवारी उपयोगी पडतं.

हा दोस्त बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आडनाव ‘कर’कारान्त, मूळ गाव अलिबागकडचं, घर पुण्यात रास्ता पेठेत. पण पाळ्यांच्या नोकरीसाठी कोरेगावात दोन खोल्या घेतलेल्या, तिथे तो, बायको आणि ऐंशीला आलेली आई. साप्ताहिक सुट्टी त्याने कुणाकुणाशी अदलाबदल करून शनिवारी लावून घेतली आहे. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा शनिवार, शुक्रवारी संध्याकाळीच लागतो, कारण यहुदी दिवस मावळतीला सुरू होतो. दिवा सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचा आणि शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटला. आमच्याकडे सूर्य नोव्हेंबरअखेर सहाच्या आत बुडतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातपर्यंत रेंगाळतो. म्हणजे दिव्याची वेळ दर आठवड्याला सरकती. ती सांगायला त्याच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे.

अ‍ॅपमध्ये गाव निवडायचं असतं. आधी ‘पुणे’ होतं. मग हौसेने त्याने लोकेशन चालू करून नेमकं कोरेगाव लावलं आणि ते पाऊण मिनिट मिळवलं. “एवढ्याने काय होतं रे?” मी विचारलं. “काही नाही. पण आता हिशेब आपल्या गावाचा झाला,” तो म्हणाला. मला हे पटलं. आमच्या घरीही संकष्टीला चंद्रोदयाची वेळ पुण्याची बघतात आणि ढग असले की उपाशी माणसं गच्चीवर उभी राहून पुण्याच्या चंद्राला नावं ठेवतात.

खरी गंमत पुढे आहे. शब्बाथ लागला की मोबाइलला हात लावायचा नाही. विजेची उपकरणं चालू-बंद करायची नाहीत, फोन घ्यायचा नाही, मेसेज बघायचा नाही. म्हणजे शब्बाथ कधी सुटणार हे ज्याला ठाऊक, त्या यंत्राला शब्बाथ सुटेपर्यंत विचारायची सोय नाही. माझ्या दोस्ताने यावर तोडगा काढला आहे. शुक्रवारी दुपारी तो अ‍ॅपमधून दोन्ही वेळा बघतो, लाइटबिलाच्या पाठीमागे जाड पेनाने लिहितो आणि तो कागद फ्रिजला चिकटवतो. मग मोबाइल बंद करून पोळ्यांच्या जुन्या डब्यात. उपग्रह, सर्व्हर, टॉवर अशी एवढी सगळी यातायात करून आलेली माहिती शेवटी लाइटबिलाच्या पाठीवर येऊन बसते.

त्याच्या आईचा मात्र त्या कागदावरही विश्वास नाही. त्या गॅलरीत जाऊन तारे मोजतात. औद्योगिक वसाहतीचे दिवे, नगर रस्त्याची धूळ आणि चार महिने पावसाळा, यातून तीन तारे सापडणं कठीण. एकदा मी म्हटलं, “मावशी, तो तिसरा तारा नाही, टॉवरचा लाल दिवा आहे.” त्या म्हणाल्या, “मग एक कमी धर. अजून थांबू.” शब्बाथ लांबला तर त्यांची काही हरकत नसते. हरकत असते ती चहासाठी ताटकळलेल्या मुलाची.

अ‍ॅपला जे सुचत नाही त्यासाठी सूनबाईंनी वेगळा गजर लावला आहे. शुक्रवारी सकाळी सातला पडद्यावर एकच शब्द येतो, ‘मनुका’. काळ्या मनुका धुऊन भिजत घालायच्या, दुपारी उकळायच्या, गार झाल्या की चुरून गाळायच्या. हे सरबत संध्याकाळी किद्दुशच्या प्रार्थनेला लागतं. बेने इस्राएलांच्या घरात द्राक्षारसाच्या जागी कित्येक पिढ्या हेच चालत आलं आहे. जगभरच्या यहुद्यांसाठी केलेल्या अ‍ॅपमध्ये मनुका भिजवायची आठवण कोण घालणार? न्यूयॉर्कच्या माणसाला बाटली आणायची असते, भिजवायचं काही नसतं.

या मंडळींनी मोबाइलआधी काय केलं, हा प्रश्न मला त्या कागदाकडे बघून पडला. त्यांची परंपरा सांगते की पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. वाचले ते सात पुरुष आणि सात बायका. पोथ्या गेल्या, भाषा गेली. राहिलं ते शनिवारी घाणा बंद ठेवणं, त्यावरून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. हाइम सॅम्युएल केहीमकरांनी 1897 साली लिहून पुरा केलेल्या आणि 1937 साली छापून निघालेल्या इतिहासात जुन्या सणांची नावं आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. ही यादी वाचताना पंचांगाआधी स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे येतं. ज्यांच्याकडे तारीख सांगणारं पुस्तक नव्हतं त्यांनी वर्ष खिरीवर आणि वालाच्या बिरड्यावर लक्षात ठेवलं. हनुक्का त्या यादीत नव्हता. तो पुढे बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडल्यावर आला, आणि आता अ‍ॅप आठही दिवस त्याची आठवण करतं. मावशी म्हणतात, “हा पाहुणा जरा जास्तच वेळ राहतो.”

होळीचा सण म्हणजे पुरीम. अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर. फाल्गुनाची पौर्णिमाही तिथेच. 2025 साली 13 मार्चला रात्री आमची होळी पेटली त्याच संध्याकाळी त्यांचा पुरीम लागला आणि 14 तारखेला धुळवड व पुरीम एकाच दिवशी झाले. त्याच वर्षी 22 सप्टेंबरला सकाळी आमच्याकडे घट बसले आणि संध्याकाळी त्यांचं 5786 साल लागलं. मग 2 ऑक्टोबरला दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, गांधी जयंती आणि यहुद्यांचा कडकडीत उपवासाचा योम किप्पूर. एका घरात श्रीखंड, शेजारच्या घरात पाणीही नाही. मावशींना आपट्याची पानं द्यायला मी दिवेलागणीनंतर गेलो, उपवास सुटल्यावर.

हे जमतं कारण दोन्ही पंचांगांना एकच दुखणं आहे. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी भरतात. मुसलमानांनी ते कमी तसंच ठेवलं, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आपण अधिक महिना घालतो, यहुदीही घालतात, आणि दोघांचाही हिशेब 19 वर्षांत सात महिने असा. फरक इतकाच की आपला अधिक महिना सूर्य-चंद्राच्या चालीवर ठरतो, म्हणून तो कधी श्रावणात तर कधी ज्येष्ठात येतो. त्यांचा मात्र ठरलेल्या वर्षी ठरलेल्या जागी, अदारच दोनदा. गणित असं पक्कं बांधलेलं की चांद्रमास 29 दिवस, 12 तास आणि 793 भाग. तासाचे भाग 1080, म्हणजे एक भाग सव्वातीन सेकंदांहून किंचित मोठा. चौथ्या शतकात दुसऱ्या हिलेलने हे गणित खुलं केलं असं परंपरा मानते. प्रोग्रॅमरला याहून सोयीचा धर्म मिळायचा नाही. डॅनी सॅडिनॉफने 1992 साली हेबकॅल नावाचा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा खिशात मावणारे फोनसुद्धा फारसे नव्हते. आज त्याच नावाच्या साइटवरून माझ्या दोस्ताच्या कॅलेंडरमध्ये सण आपोआप येऊन पडतात.

त्या गणितातला एक नियम मला फार आवडतो. नवं वर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी लागूच द्यायचं नाही, लागत असेल तर पुढे ढकलायचं. बुधवारी किंवा शुक्रवारी लागलं तर योम किप्पूर शब्बाथला चिकटून येईल आणि लागोपाठ दोन दिवस चूल पेटणार नाही. शास्त्रात कारणं आणखीही आहेत. मावशींना एवढं एकच पुरलं. “कुणाच्या तरी बायकोने सांगितलं असणार,” त्या म्हणाल्या.

दोन अदार मात्र अडचण करतात. दोस्ताचे वडील अदारात गेले. अधिक महिन्याच्या वर्षी त्यांची पुण्यतिथी पहिल्या अदारात धरायची की दुसऱ्या? यावर वेगवेगळ्या यहुदी समाजांचे वेगवेगळे रिवाज आहेत. अ‍ॅपने एक तारीख दाखवली, इस्राएलमधल्या चुलतभावाने दुसरी कळवली, आणि मुलगा सेटिंगमध्ये शिरून बसला. आईने पाच मिनिटांत निकाल दिला, “दोन्ही दिवशी दिवा लावा. शनिवार तेल्याच्या घरात तेलाला काय तोटा?”

इस्राएलमधले नातेवाईक हे आणखी एक प्रकरण. अश्दोद, दिमोना, लोद इथे मराठी बोलणारी बेने इस्राएल घरं आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा गट आहे. थंडीत त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. तिकडे दिवे लावायच्या घाईत ‘शब्बाथ शालोम’ आणि फुलांची चित्रं येतात तेव्हा इथला मोबाइल डब्यात जाऊन दोन तास झालेले असतात. शनिवारी रात्री डबा उघडला की शुभेच्छा पडतात, त्या सगळ्या कालच्या. तो त्यांना ताबडतोब उत्तर देतो. ते त्यांना मिळत नाही, कारण तिकडचा शब्बाथ अजून सुटलेला नसतो. असं हे दर आठवड्याला चालतं आणि कुणाचं काही अडत नाही.

आमच्या गावाला एवढी पंचांगं नवी नाहीत. शेजारच्या वढू बुद्रुकला संभाजी महाराजांचा बलिदानदिन फाल्गुन अमावस्येला, तिथीने. नदीपलीकडच्या जयस्तंभापाशी लाखो लोक येतात ते 1 जानेवारीला, इंग्रजी तारखेने, कारण 1818 ची लढाई त्या दिवशी झाली आणि 1927 साली त्याच तारखेला बाबासाहेब तिथे आले होते. ईद चंद्र दिसल्यावर. किराणा दुकानदाराला हे सगळं तोंडपाठ असतं, कारण साखर कधी भरून ठेवायची ते त्यावरच ठरतं. त्याच्या यादीत मनुकांचीही भर पडली आहे, दर गुरुवारी पाव किलो.

आता 2026 चं बघा. आपल्याकडे त्या वर्षी अधिक ज्येष्ठ, म्हणून नवरात्र थेट ऑक्टोबरात. यहुद्यांचा अधिक महिना 2027 च्या फेब्रुवारीआधी यायचा नाही. म्हणून त्यांचं 5787 साल आपल्या घटांची वाट न बघता 11 सप्टेंबरच्या संध्याकाळीच लागतं आणि गणपतीशी गाठ घालतं. त्यांचा सुक्कोथ, मांडवात बसायचा सण, सुरू होतो 25 सप्टेंबरला सूर्यास्ताला. तो शुक्रवार, म्हणजे शब्बाथही त्याच मिनिटाला. आणि तीच अनंत चतुर्दशी. कोरेगावातून रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये सहा-सव्वासहाच्या आत पोचायचं, आणि पुण्यात विसर्जनाच्या मिरवणुका. दिवा कधी लावायचा ते अ‍ॅप सेकंदापर्यंत सांगेल, कुठला रस्ता बंद आहे ते सांगणार नाही. त्या दिवशी कुणाला तिकडे जायचं असेल तर दुपारी बाराच्या आत निघा, गाडी वाघोलीच्या अलीकडेच कुणाकडे तरी लावा आणि मनुका आदल्या रात्रीच भिजत घाला.