दहा सामन्यांचं शहाणपण

एप्रिल महिन्यात बेसबॉलच्या चाहत्याला सगळं कळलेलं असतं. हंगाम १६२ सामन्यांचा, मार्चअखेर सुरू होऊन सप्टेंबरच्या शेवटापर्यंत चालणारा. पण दहा सामने झाले न झाले तोच कोणाला बसवायचं, कोणाला वरच्या क्रमांकावर पाठवायचं आणि मॅनेजरचं नेमकं काय बिनसलंय, याचा निकाल बॉस्टनमध्ये घरोघरी लागलेला असतो. आमच्याकडेही लागतो. मग मी तो नाशिकला दादाला फोनवर ऐकवतो. दादा पक्का क्रिकेटवाला. सगळं ऐकून घेतो आणि शांतपणे विचारतो, "अरे, अजून दीडशे सामने बाकी आहेत ना? मग तू एवढ्यात टीम काढायला कुठे निघालास?"

दादाचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच ते मला पटवून घ्यायचं नसतं.

शितावरून भाताची परीक्षा करायची म्हटली, तर बेसबॉलमध्ये पहिलं शीत हमखास फसवतं. १९९४ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात शिकागो कब्सच्या टफी ऱ्होड्सने ड्वाइट गुडनसारख्या नामांकित पिचरला एकाच दिवशी तीन होम रन मारले. कब्सचे चाहते त्या रात्री तीन गुणिले १६२ करत झोपले असणार. (सामना कब्स हरले होते, पण अशा दिवशी तेवढं कोण बघतो!) त्या अख्ख्या हंगामात ऱ्होड्सचे होम रन झाले आठ. पुढे तो जपानला गेला आणि तिथे साडेचारशेहून जास्त होम रन मारून बसला. २००१ साली तर त्याने ५५ होम रन मारून सादाहारू ओहच्या विक्रमाशी बरोबरी केली. म्हणजे एप्रिलमधल्या चाहत्यांनी माणूस बरोबर ओळखला होता, देश तेवढा चुकला.

चाहत्यांचं एक वेळ ठीक आहे. त्यांच्या हातात फक्त रिमोट असतो. पण मालकांनाही एप्रिल चढतो. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स पहिले सहा सामने हरले आणि मॅनेजर कॅल रिपकन सीनियर यांना नारळ मिळाला. त्यांची दोन मुलं त्याच टीममध्ये खेळत होती. वडिलांना काढणाऱ्या मालकाच्या टीमसाठी दुसऱ्या दिवशी टोपी घालून मैदानात उतरताना त्या पोरांना काय वाटलं असेल! नवे मॅनेजर फ्रँक रॉबिन्सन आले, आणि टीम ओळीने आणखी पंधरा सामने हरली. उलट २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने पहिल्या ५० पैकी ३१ सामने घालवले. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना हाकला, अशी ओरड झाली. मालकांनी हाकललं नाही. ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज त्यांच्याच हातात होती.

हा मॅनेजर म्हणजे मोठा गमतीचा प्राणी. क्रिकेटचा प्रशिक्षक बाहेर ट्रॅकसूट घालून बसतो. बेसबॉलचा मॅनेजर मात्र साठीला टेकलेला, पोट सुटलेला असला, तरी खेळाडूंचाच गणवेश चढवतो. खेळत काही नाही. मधूनच उठून संथ चालीने मैदानाच्या मध्यापर्यंत जातो, दमलेल्या पिचरशी दोन शब्द बोलतो आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेतो, किंवा घेत नाही. क्रिकेटमध्ये एका टोकाचा गोलंदाज चार षटकांनी दुसऱ्या टोकाला आणता येतो. इथे सामन्यातून एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या दिवशी परत येत नाही.

म्हणून तो चेंडू कधी काढून घ्यायचा, यावर नोकऱ्या जातात. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये यांकी स्टेडियममध्ये यांकीजविरुद्ध निर्णायक सातवा सामना होता. आठव्या इनिंगमध्ये आम्ही, म्हणजे बॉस्टन, ५-२ ने पुढे होतो. आमचा पिचर पेद्रो मार्टिनेझ दमला होता, हे टीव्हीवरून आम्हाला दिसत होतं. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात गेले, पेद्रोला विचारलं, तो 'जमेल' म्हणाला, आणि लिटल एकटेच परत आले. तिथून ५-५ झाले, अकराव्या इनिंगमध्ये यांकीजच्या ॲरन बूनने होम रन मारला, आणि काही दिवसांत लिटल यांची नोकरी गेली. ठपका असा, की पिचरला फार वेळ ठेवलं.

बरं, मग वेळेवर काढावं? २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बेच्या केविन कॅश यांनी तेच केलं. ब्लेक स्नेल सुंदर टाकत होता. १-० ची आघाडी, नऊ फलंदाज स्ट्राइकआउट, चेंडू फक्त ७३. कॅश यांनी आकडेमोडीवर भरवसा ठेवून त्याला बसवलं. पुढचा फलंदाज डॉजर्सचा मूकी बेट्स. हा बेट्स त्याच वर्षी फेब्रुवारीपर्यंत आमचा होता, पण तो विषय मी जेवणाआधी काढत नाही. बेट्सने डबल मारला, आघाडी गेली, डॉजर्स ३-१ ने जिंकून विजेते झाले. इथे ठपका असा, की पिचरला फार लवकर काढलं. पुढच्याच महिन्यात कॅश यांना अमेरिकन लीगचे वर्षातले सर्वोत्तम मॅनेजर म्हणून पुरस्कार जाहीर झाला. मतं आधीच पडलेली होती.

या धंद्यात खरा निश्चिंत माणूस एकच होऊन गेला, कॉनी मॅक. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचे ते १९०१ पासून पन्नास वर्षं मॅनेजर होते, तेही गणवेश न घालता, कडक कॉलरचा सूट घालून. सर्वांत जास्त विजय त्यांच्या नावावर आहेत आणि सर्वांत जास्त पराभवही. त्यांना कोणी काढलं नाही, कारण टीममध्ये त्यांचीच मालकी होती.

तर यंदाचं माझं मत असं आहे: तिसऱ्या क्रमांकावर चुकीचा माणूस येतोय आणि पिचर एक इनिंग उशिरा बदलले जातायत. मे उजाडेपर्यंत हे मत बदलणार नाही. तुम्ही कधी एप्रिलमध्ये बॉस्टनला आलात, तर फेनवे पार्कला जरूर या. जाड स्वेटर घाला, तिथे तेव्हा चांगलीच थंडी असते. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी माणसाला एवढंच विचारा, की मॅनेजर कसा वाटतो. तुमच्या नऊ इनिंग्जची सोय होईल.