आपल्याच इकडले

डोंगरावर फिरायला जाऊन दरीकडे पाठ करून बसणारा माणूस तुमच्याही सोबत कधीतरी आलेला असेलच. आमच्या वाट्याला भातकुलीचे बाप्पू आले. चिखलदऱ्यातली पावसाळी दुपार, देवी पॉइंटवर धुकं चढतंय, आणि बाप्पू चहाच्या टपरीवर बाकडं अडवून भुट्टा खातायत. "अकराशे मीटर वर आलोय, दरी तरी बघा," म्हटलं, तर म्हणाले, "दरी कुठी पयून रायली? मानसं निघून जातीन."

पिवळ्या रेनकोटातलं जोडपं, गुलाबी छत्रीखाली फोटो काढणाऱ्या पोरी, ढगातही काळा गॉगल न काढणारा एक पहिलवान. सगळ्यांवर बाप्पूंचा एकच निकाल. "आपल्याच इकडले हायेत."

"अहो, त्या पहिलवानाची गाडी पुण्याची आहे. एमएच बारा."

"पाटीले काय पायतं? मानूस पाय. दर्यापूरचा हाय."

नुसतं बोलून थांबतील तर ते बाप्पू कसले! उठून थेट त्याच्यासमोर. "बावा, गाव कोन्तं?" "पुणे." "ते राहाचं झालं. गाव कोन्तं?" जरा वेळानं तो दर्यापूरचा तर निघालाच, वर बाप्पूंच्या साडूच्या चुलतभावाचा पाहुणाही निघाला. माझी मान खाली, बाप्पूंचा चहा त्याच्या पैशानं.

"ओळखता कसे?" मी शेवटी विचारलंच.

"पानी पेताना पाय."

भातकुली, दर्यापूर म्हणजे खारपाण पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळीभोर जमीन, खाली पाणीही आहे, पण खारट. विहीर दारात आणि पिण्याचं पाणी लांबून, यात ज्याचं बालपण गेलं तो बाटलीतला शेवटचा घोट फेकत नाही, झाकण घट्ट लावून पिशवीत टाकतो. मी पहिलवानावर नजर ठेवली. त्यानं झाकण लावलं! आता बाप्पूंना आवरणं कठीण होतं.

विषय बदलावा म्हणून मी गाविलगड काढला. १८०३च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्लीनं तो किल्ला कसा घेतला, ते सांगू लागलो.

"मंग शिंद्याचा तह कुठी झाला? सुर्जी-अंजनगावात न? आपल्याच इकडे!"

भीमकुंडाची गोष्ट काढली, भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकला ती. तर कीचक विराट राजाचा साळा, म्हणजे पाहुणाच की! मी हात टेकले.

बाप्पूंचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मागच्या दिवाळीत नातू भातकुलीला आला होता. बाप्पूंनी चारचौघांत कौतुकानं विचारलं, "गाव कोन्तं रे बाप्पा तुयं?" पोरगं म्हणालं, "हिंजवडी." आणि हातातली अर्धी बाटली अंगणात ओतून मोबाइल शोधायला आत गेलं. हे बाप्पूंनी हसत हसतच सांगितलं. मी काही बोलायच्या आत कोपरानं ढोसून म्हणाले, "तो पाय, छत्रीवाला. अकोटचा."

दिवसभर मी या माणसावर चिडलो होतो. त्यानंतर मीही लोकांच्या बाटल्या बघायला लागलो.

चिखलदऱ्याला गेलात आणि बाकड्यावरून कोणी म्हातारा गाव विचारू लागला, तर कृपा करून पुणे सांगू नका. आजोबांचं गाव सांगा. चहाचे सुटे पैसे मात्र जवळ ठेवा.