डोळे मिटून बघणारे नाना

नाना रेनोला विमानांच्या शर्यती बघायला जायचे तेव्हा दुर्बीण नेत नसत. कॅमेराही नाही. सोबत असायच्या दोन घडीच्या खुर्च्या, काकूंनी दिलेला दशम्या-चटणीचा डबा, पाण्याचा कूलर आणि मी. विमानांची आवड मलाही आहे, पण नानांच्या मते ती अजून कच्ची; मला न्यायचे ते गाडी हाकायला. फ्रीमाँटहून निघून, डॉनर खिंड ओलांडून नेवाडात उतरेपर्यंत चारेक तास जायचे आणि नानांच्या हाती स्टिअरिंग देण्यात अर्थ नसायचा. आभाळात काही घरघरलं की त्यांचं डोकं खिडकीबाहेर जातं.

रेनोच्या उत्तरेला, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर, वाळवंटात स्टेड नावाचा विमानतळ आहे. बिल स्टेड नावाच्या वैमानिकाने १९६४ मध्ये या शर्यती सुरू केल्या आणि १९६६ पासून त्या इथे भरू लागल्या. पहिल्यांदा येणारा साहजिकच समजायचा की विमानतळाला नाव त्याचंच. तसं कुणी बोलून दाखवलं की नाना तीन रांगा ओलांडून जायचे आणि नाव बिलच्या भावाचं, हे त्याला सांगून परत यायचे. त्याने विचारलेलं नसायचं.

शर्यतीचा प्रकार सोपा आहे. वाळवंटात ठरावीक अंतरावर उंच खांब रोवलेले, त्यांना बाहेरून वळसे घालत, सदैव डावीकडे वळत, सात-आठ विमानांनी एकमेकांच्या उरावर बसायचं. एकूण सहा गट. त्यातला ‘अनलिमिटेड’ हा राजा: दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली मस्टँग, बेअरकॅट, सी फ्युरी यांसारखी लढाऊ विमानं. पंखांची टोकं छाटलेली, वैमानिकावरची काच डोकं जेमतेम मावेल एवढी केलेली. सुमारे आठ मैलांचा एक फेरा आणि वेग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास. मस्टँगमधल्या सत्तावीस लिटरच्या मर्लिन इंजिनात हवा मूळ मर्यादेच्या दुपटीने कोंबतात आणि ते फुटू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल फवारतात. नानांना स्वतःचं ब्लडप्रेशर विचारा, ते काकूंकडे बघतील. मर्लिनचं मॅनिफोल्ड प्रेशर विचारू नका, दुपार जाईल.

एवढा तमाशा डोळ्यांसमोर चाललेला असताना नाना डोळे मिटून बसतात. मान किंचित तिरकी, उजव्या हाताची बोटं मांडीवर. सवाईच्या मंडपात पहिल्या रांगेतले जाणकार बसतात, अगदी तसेच. अधूनमधून ‘वा’ जातो, अधूनमधून कपाळाला आठी. ‘सी फ्युरी. पण मूळ सेंटॉरस नाही, अमेरिकन इंजिन बसवलंय,’ असा निकाल डोळे न उघडता. दाद मिळते ती इंजिनाला. पहिला कोण, दुसरा कोण, असं मी सांगू लागलो तर, ‘अरे, ऐकू दे ना!’

डॉक्टरांनी कान जपायला सांगितलंय, म्हणून काकू बोळे देतात. नानांनी त्यातून काढलेला मार्ग असा की बोळे फक्त जेट गटाच्या वेळी घालायचे. तेव्हाच डबाही उघडायचा. वरून झेकोस्लोव्हाकियात बनलेली अल्बाट्रॉस जेट विमानं किंचाळत जात असतात आणि नाना शांतपणे दशमीला लोणी लावत असतात. जेटला दट्ट्याच नाही, मग ऐकायचं काय, हा त्यांचा सवाल आहे आणि मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. टी-६ गट आला की मात्र डबा बंद. हे विमान म्हणजे आपल्या हवाई दलाने वैमानिक घडवायला वापरलेलं हार्वर्ड. याच्या पंख्याच्या पात्यांची टोकं ध्वनीच्या वेगाला भिडतात, त्यामुळे ते अख्खं माळरान फाडत जातं. वेग तसा बेताचाच. नानांचं प्रेम वेगावर नाहीच मुळी.

नानांचं दुसरं व्यसन भविष्य. मर्लिनवाला कुणी जवळून गेला की ‘एक सिलिंडर चाललाय,’ असं ते दर फेऱ्याला पुटपुटतात. इंजिन दगा देऊ लागलं की वैमानिक ‘मेडे’ पुकारतो, आहे त्या वेगाच्या जोरावर सरळ वर चढतो आणि मग सावकाश उतरतो. या गटात असं वारंवार होतं. झालं की नाना आजूबाजूला विजयी नजर फिरवतात. सतत म्हणत राहिलं की कधीतरी खरं ठरणारच. पण हे शेजारच्या अमेरिकनांना कोण सांगणार? ते नानांना सल्लागार समजून बिअर देतात. मग नाना चकली पुढे करतात आणि १९३० ची गोष्ट काढतात. आगाखानांनी भारत-इंग्लंड एकट्याने उडून जाणाऱ्या पहिल्या भारतीयाला बक्षीस लावलं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. वाटेत इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगांवाचून अडकलेले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग दिले आणि शर्यत गमावली. अस्पी पुढे हवाई दलप्रमुख झाले. गोष्ट खरी आहे. फक्त नानांच्या तोंडी प्लगांची संख्या दरवर्षी वाढते.

२०११ मध्ये ‘गॅलपिंग घोस्ट’ हे मस्टँग प्रेक्षकांजवळ कोसळलं. वैमानिकासह अकरा जण गेले. त्याविषयी नाना काहीही सांगत नाहीत, कुणी विचारलं तरी.

‘रेअर बेअर’ धावत असे त्या वर्षांत मी एकदाच त्यांना उभं राहिलेलं पाहिलं. १९८९ मध्ये ताशी साडेआठशे किलोमीटरचा विक्रम केलेलं हे बेअरकॅट. त्यात बसवलेलं अठरा सिलिंडरचं राइट इंजिन त्याच घराण्यातलं, जे एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशनला होतं. नानांचं बालपण पार्ल्यातलं. सांताक्रूझहून उडालेली ‘कॉनी’ त्यांच्या चाळीवरून जायची आणि फळीवरची भांडी थरथरायची. ‘आमच्याकडे चार लावलेली असायची, इथे एकच आहे,’ नाना ओरडून म्हणाले. तक्रार होती की अभिमान, कळलं नाही.

परतताना ट्रकीच्या आसपास त्यांनी विचारलं, ‘बरं, जिंकलं कोण?’ मी सांगितलं. ‘असेल,’ म्हणाले आणि झोपले.

रेनोतल्या शर्यती २०२३ मध्ये संपल्या. आता त्या न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला भरतात. नानांची हरकत अंतराला नाही. रॉझवेल स्टेडपेक्षा हजारभर फुटांनी खाली, तिथली हवा दाट, तेव्हा इंजिनाचा सूर बदलणार, असं त्यांचं म्हणणं. परवा फोन आला: ‘प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. खुर्च्या तुझ्याच गाडीत आहेत ना?’