कायमचा सीनियर

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या कॉलेजात प्राचार्य, नोटीस बोर्ड, सायकल स्टँड आणि कायमचा सीनियर एवढ्या गोष्टी असायच्याच. पहिल्या तिघांची नोंद दप्तरात सापडते. चौथा सध्या कोणत्या वर्गात आहे हे दप्तरालाही खात्रीने सांगता येत नाही. पण तो कुठे आहे हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. तो फाटकासमोरच्या टपरीवर असतो. नव्याने प्रवेश घेतलेल्या मुलाला भेटणारा पहिला गुरुजी हाच. तो पगार घेत नाही, फक्त चहा घेतो, आणि त्याचे पैसे नवा मुलगा देतो.

त्याच्या वयाचा अंदाज चेहऱ्यावरून येत नाही, बोलण्यावरून येतो. या भागातल्या विद्यापीठीय परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांत होतात आणि मुलांच्या तोंडी त्यांची नावे ‘समर’ आणि ‘विंटर’ अशी आहेत. कायमच्या सीनियरचे पंचांग याच दोन तिथींवर चालते. “विंटर एकोणीसले इंग्रजीचा पेपर लय हार्ड होता,” असे तो म्हणतो तेव्हा म्हाताऱ्याने दुष्काळाचे साल सांगावे तसा त्याचा सूर लागतो. ऐकणारा मुलगा त्या वर्षी सहावीत होता, याचे भान दोघांनाही नसते.

त्याच्या विश्वाचे केंद्र अमरावती. १९८३ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ झाले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि आजच्या वाशीम या जिल्ह्यांची कॉलेजे त्याकडे आली. निकाल अमरावतीहून लागतो, फेरतपासणीचा अर्ज अमरावतीला जातो आणि सीनियरच्या ठाम समजुतीप्रमाणे त्याला नापास करणारा तो एक विशिष्ट माणूसही अमरावतीतच राहतो. विद्यापीठाला नाव गाडगेबाबांचे. जेवायची भांडी विका, पण पोरांना शिकवा, असे बाबा कीर्तनातून सांगत. सीनियरच्या घरी त्यांच्या नावाच्या गुणपत्रिका सात-आठ आहेत. वर्ष दर वेळी नवे, राहिलेला विषय बहुधा तोच.

जिल्ह्यात तालुके सोळा, आणि तालुक्यागणिक या जातीच्या सवयी थोड्या बदलतात. वणीच्या सीनियरचे निम्मे बोलणे कोळशाच्या खाणींवर असते. वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्समध्ये) कोणाची जमीन गेली, कोण नोकरीला लागला, हे त्याला अभ्यासक्रमापेक्षा जास्त पाठ. पुसदने राज्याला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले, त्यामुळे तिथला सल्ला अभ्यासावरून सुरू होऊन कोणत्या गटात राहावे यावर संपतो. उमरखेडच्या बोलीत मराठवाडा डोकावतो. खुद्द यवतमाळात अमोलकचंद महाविद्यालयासारख्या जुन्या संस्थेपासून १९८९ च्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत सगळे प्रकार असल्यामुळे इथला सीनियर स्वतः कलाशाखेचा असूनही मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेऱ्यांवर अधिकारवाणीने बोलतो. वैद्यकीय कॉलेजच्या फाटकासमोर मात्र हा प्राणी सहसा तग धरत नाही. तिथे हजेरी खरोखर घेतात.

त्याचा हंगाम जूनच्या अखेरीस सुरू होतो. याच सुमारास पेरणी असते. कळंब, राळेगाव, घाटंजी, झरी जामणी भागातला मुलगा प्रवेशाचा अर्ज भरून पुन्हा शेतात जातो आणि डवरणी उरकल्यावर कॉलेजात उगवतो, तोवर वर्ग तीन आठवडे पुढे गेलेले असतात. पुढे दसऱ्याच्या आसपास सोयाबीन सोंगायला, दिवाळीनंतर कापूस वेचायला तो परत गायब होतो. सीनियरही शेतकऱ्याचाच मुलगा असतो, पण त्याच्या उपस्थितीवर पिकांचा परिणाम होत नाही. घरच्यांनी त्याला शेतातही धरणे सोडलेले असते. त्यामुळे उशिरा आलेल्या, घाबरलेल्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी धरलेल्या मुलाला फाटकाशी ओळखीचे वाटावे असे एकच माणूस दिसते.

“काहून बे, पयलं वर्ष?”

“हो भाऊ.”

“पेरनं झालं का?”

“झालं.”

“मंग आता एवढ्या घाईनं कुठं चालला? वर्गात?”

या शेवटच्या शब्दावर तो असा काही थांबतो की मुलाला आपण गैर ठिकाणी निघालो होतो असे वाटू लागते. इथून उपदेश सुरू होतो. वर्गात गेल्याने काही होत नाही. अमुक सर पुस्तकातलेच वाचतात, तेव्हा पुस्तक घ्यावे. तमुक सर पुस्तकातले वाचत नाहीत, तेव्हा त्यांच्या तासाला बसून उपयोग नाही. पुस्तकही घेऊ नये, नोट्सची झेरॉक्स घ्यावी. सगळ्या नोट्सची नाही, अपेक्षित प्रश्नांची. त्याही सप्टेंबरात घेऊ नयेत, नोव्हेंबरात घ्याव्यात, कारण तोवर कोणते प्रश्न ‘येणारच’ हे पक्के झालेले असते. अशा रीतीने एक एक पायरी उतरत तीन वर्षांची पदवी परीक्षेच्या आदल्या रात्रीत बसवून दाखवली जाते. ही पद्धत सांगणाऱ्याची पदवी अजून व्हायची आहे, ही गोष्ट मुलाच्या ध्यानात दिवाळीपर्यंत येत नाही.

हजेरीबद्दलचे त्याचे शास्त्र स्वतंत्र आहे. नियमाने ७५ टक्के हजेरी लागते. सीनियरच्या मते हा आकडा वर्गात बसण्याचा नसून बोलण्याचा आहे: पंचाहत्तर म्हटले की पन्नासवर भागते, पन्नास कमी पडले तर वैद्यकीय दाखला जोडता येतो, आणि दाखला देणारे डॉक्टर माहितीतले आहेत. अंतर्गत गुण मात्र तासाला बसणाऱ्यालाच मिळतात आणि प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करणारे सर तोंड ओळखतात, एवढा तपशील या शास्त्रातून गळलेला असतो. सेमिस्टर पद्धतीत हे गुण दर सहामाहीला लागतात. सीनियरची पडझड बरेचदा इथेच झालेली असते, पण तो ती अमरावतीच्या खात्यावर मांडतो.

तरीही त्याला निव्वळ बिघडवणारा समजणे अन्यायाचे होईल. कॉलेजात दोन अभ्यासक्रम चालतात, एक पुस्तकांचा आणि एक कागदांचा, आणि दुसऱ्यात कायमचा सीनियर खरोखर विद्वान असतो. त्याच्या बगलेतली प्लॅस्टिकची फाईल उघडली तर तिच्यात टीसीच्या पाच प्रती, गुणपत्रिका, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाईल, गॅपचे प्रतिज्ञापत्र, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान आणि पासपोर्ट फोटोंचे पाकीट याच क्रमाने सापडते. कोपरे मऊ झालेले असतात. “ओरिजनल टीसी देऊन टाकली? झेरॉक्स काढली का आंधी? किती? दोन? बाप्पा! पाच काढजो.” हा सल्ला कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो आणि तो न ऐकलेला मुलगा पुढे एका प्रतीसाठी कार्यालयाच्या खिडकीशी दोन दिवस उभा राहतो.

शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायला तो बसला की त्याच्यातला आळशी माणूस नाहीसा होतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकासमोर तो दुकानदाराला उठवून स्वतः बसतो. पोर्टल अडकले की शिव्या देत नाही, रात्री अकरानंतर ये म्हणतो. उत्पन्नाचा दाखला मार्च उलटला की शिळा होतो, तेव्हा नवा काढून आण. बँक खात्याला आधार नुसते जोडलेले चालत नाही, ते सीडिंग झालेले हवे, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात. दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जात नाही, नूतनीकरण आपणच करायचे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला स्वाधार आणि आदिवासी मुलाला स्वयम् योजना आहे, हे तो त्यांना गाव विचारता विचारता सांगून टाकतो. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने पूर्ण माफ केले, ही बातमी कित्येक बापांना वर्तमानपत्राआधी अशा टपरीवरच कळलेली असते. एसटीच्या पासाचेही तसेच. विद्यार्थ्याला मासिक पासावर भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. पण बारावीपर्यंत मोफत प्रवास केलेल्या खेड्यातल्या मुलीला प्रथम वर्षाला पैसे मागितले की ती चूक समजून वाहकाशी भांडते. बोनाफाईड घेऊन आगारातल्या कोणत्या खिडकीवर जायचे, ते तिला सीनियर सांगतो.

गंमत अशी की त्याच्या दोन विद्या एकमेकींना आडव्या जातात. अनेक सवलतींना हजेरीची अट असते. सकाळी ज्याला त्याने वर्गाच्या दारातून परत फिरवले, त्याचाच अर्ज संध्याकाळी भरताना ‘उपस्थिती’ या रकान्याशी त्याचे बोट थांबते. अशा वेळी तो वर पाहत नाही. “जात जा बे जरासा,” एवढेच पुटपुटतो. त्याच्या साऱ्या प्रवचनांत ऐकण्यासारखे वाक्य हेच, आणि नेमके ते तो हळू बोलतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने त्याची पंचाईत केली आहे. मेजर, मायनर, क्रेडिट, चार वर्षांची पदवी या गोष्टी त्याच्या काळात नव्हत्या. जे समजत नाही ते टिकणार नाही, असे सांगून तो वेळ मारून नेतो. शिवाय प्रथम वर्षाच्या मुलांचा व्हॉट्सअ‍ॅप गट प्रवेशाच्या दिवशीच तयार होतो, नोट्स त्यावर फुकट येतात आणि वेळापत्रकाचा फोटोही. तरी अर्ज अडकला की गटावर कोणीतरी टपरीचाच पत्ता टाकते.

या जातीत मुली जवळजवळ नाहीत. मुलींच्या वसतिगृहातही सल्ला देणारी एक ताई असते: शेवटची बस किती वाजता, मेसचे पैसे महिन्याचे भरावेत की आठवड्याचे, कोणत्या रस्त्याने संध्याकाळी येऊ नये. पण ती स्वतः तासाला बसते आणि वेळेत पास होऊन निघून जाते. एक वर्ष गेले तर घरात तिच्या शिक्षणाचा विषयच बंद होईल, हे तिला माहीत असते. कायमचे सीनियर राहण्याची चैन मुलग्यालाच परवडते.

पुढे या लोकांचे काय होते? काही सेतू केंद्र टाकतात आणि जे फुकट करत होते त्याची पावती फाडू लागतात. यांचे चांगले चालते. काही विम्यात जातात, काही पंचायत समितीच्या निवडणुकीला उभे राहतात. बरेचसे ‘एमपीएससी करतात’, म्हणजे टपरीवरून अभ्यासिकेच्या पायरीवर येतात. तिथे वर्षानुवर्षे वाचणारी मुले पाहून त्यांना तीन-चार दिवस खराच पश्चात्ताप होतो. उरलेले शिकतच राहतात. बीए कसेबसे निघाले की मराठीत एमए, मग इतिहासात एमए, आणि ग्रंथालयाचे कार्ड व एसटीचा पास चालू राहावा म्हणून शेवटी सीईटी देऊन एलएलबी. विधी महाविद्यालयात तो कागदोपत्री पुन्हा प्रथम वर्षाचा होतो. फाटकाशी त्याच्याहून चार वर्षांनी लहान असा एक जण चहाचा ग्लास हातात धरून उभाच असतो. वर्गात जाऊन काही होत नाही, असे तो बजावतो, आणि टीसीच्या तीन झेरॉक्स काढायला सांगतो.

“पाच,” कायमचा सीनियर दुरुस्ती करतो आणि चहाचे पैसे देतो.