धुरा किती फुटाचा होता?

दिग्रसच्या बसस्टँडजवळच्या एका पानठेल्यावर जागतिक रॉक संगीताचं खंडपीठ रोज संध्याकाळी बसतं. त्याची दखल आजवर कुणी घेतलेली नाही, म्हणून हे सदर. खंडपीठात कायम सदस्य चार. एक निवृत्त तलाठी, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात. एक कृषी केंद्रवाले. एक मोबाइल दुरुस्तीवाला पोरगा. आणि पुण्याहून इंजिनिअर होऊन परत आलेला एक तरुण, ज्याच्या छातीवर मेटॅलिका आणि पोटात तलाठी भरतीचा गोळा कायम असतो. ठेलेवाला भाऊ खर्रा घोटत असतो. तोच तिथला एकमेव ताल.

या चौघांत रॉक ऐकणारा एकच, इंजिनिअर. बाकीच्यांचा संबंध फक्त भानगडींशी. गाण्याला भाषा कळावी लागते, सूर लागतो, बरा स्पीकर लागतो. भानगडीला यातलं काहीच लागत नाही. गाणं दिग्रसला पोचायला चाळीस वर्षं लागतात, काही तर अजून वाटेतच आहेत. भानगड मात्र न्यूयॉर्कहून निघते आणि आर्णीच्या बसच्या आधी इथे उतरते.

2025च्या जुलैत पेरण्या आटोपून गाव जरा मोकळं झालं होतं, तेव्हा कोल्डप्लेचं प्रकरण आलं. बोस्टनजवळच्या मैदानावर कार्यक्रम सुरू असताना कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला आणि एका कंपनीचे मुख्य साहेब आपल्याच कंपनीतल्या वरिष्ठ बाईंना मिठी मारून उभे असलेले भल्या मोठ्या पडद्यावर दिसले. बाईंनी तोंड फिरवलं, साहेब खाली बसले, गायकानं माइकवरून सगळ्यांच्या मनातली शंका बोलून दाखवली. काही दिवसांत साहेबांनी राजीनामा दिला.

"लपला म्हणून सापडला," कृषी केंद्रवाले म्हणाले. "उभा रायला असता चुपचाप, तं कोणाले समजलं असतं?"

"अमेरिकेत कॅमेरा लागते," काकाजी म्हणाले. "आपल्या इथं अरुणावतीच्या धरणावर दोघं जण दिसले की मानोऱ्याच्या बसमधला कंडक्टर घरी सांगते."

इंजिनिअर तोवर अस्वस्थ झाला होता. यात कोल्डप्लेचा काय दोष, असं त्यानं तीनदा विचारलं. दोष आहे असं कुणीच म्हटलं नव्हतं. पण चाहत्याचं असंच असतं. तो गाणं ऐकायला लागला की पहिल्या कडव्यालाच त्याच्याकडून वकीलपत्रावर सही झालेली असते, आणि मग जन्मभर त्याला बिनफीचा बचाव करत राहावं लागतं. कलाकार तिकडे नवी भानगड करायला मोकळा.

या वकिलीचा कस लागला त्याच महिन्याच्या 22 तारखेला. ओझी ऑस्बोर्न गेला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हा आपला दंडक. पण तो ओझीच्या बाबतीत पाळायचा म्हटला तर काकाजींकडे बोलायला काही उरत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं की या माणसानं 1982च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या डे मॉइन गावी, भर कार्यक्रमात वटवाघळाचं मुंडकं दातानं तोडलं होतं.

"त्याला ते रबराचं वाटलं होतं," बिनफीचे वकील म्हणाले.

"रबराचं असलं तरी चावाचं काऊन?"

या प्रश्नाला रॉकच्या इतिहासात उत्तर नाही. ठेलेवाल्यानं फक्त इंजेक्शनांची चौकशी केली. रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली होती, हे कळल्यावर त्याला जरा बरं वाटलं. मग इंजिनिअरनं शेवटचा पुरावा काढला: ओझीच्या ब्लॅक सॅबथनं हेवी मेटल उभं केलं, त्याला पार्किन्सन्स झाला, पाय चालेनात, तरी 5 जुलैला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर आपल्या गावच्या लोकांसमोर खुर्चीत बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला. काकाजींचा आवाज खाली आला. "बसून गायला? मंग भजनच झालं म्हणा ते." वटवाघूळ माफ झालं. गावी येऊन गाऊन गेलेल्या माणसाला दिग्रसमध्ये बरंच माफ असतं.

कीथ रिचर्ड्सला मात्र माफी मिळाली नाही. रोलिंग स्टोन्सचा हा गिटारवाला 2006मध्ये फिजी बेटावर झाडावरून पडला. वय बासष्ट. डोक्याचं ऑपरेशन झालं. बासष्टाव्या वर्षी आपल्याकडे माणूस चिंचेच्या झाडावर चढला तर सून खालून काय काय बोलेल, याची उजळणी झाली. तिथवर ठीक होतं. पण पुढच्याच वर्षी त्यानं मुलाखतीत सांगितलं की आपण वडिलांची रक्षा नाकानं ओढली. नंतर आत्मचरित्रात खुलासा केला: डबी उघडताना थोडी राख टेबलावर सांडली, बापाला झटकून कसं टाकायचं म्हणून बोटानं टिपून ओढली, बाकीची ओकच्या झाडाखाली घातली. इंजिनिअरला हा खुलासा पुरेसा वाटला. काकाजी उठून नळावर हात धुऊन आले. त्या दिवशी खंडपीठ लवकर उठलं.

खरा रंग चढला तो ओॲसिसच्या प्रकरणात, कारण ते एकच प्रकरण दिग्रसला पहिल्या वाक्यात समजलं. दोन सख्खे भाऊ, नोएल आणि लिअम गॅलाघर, मँचेस्टरचे. मोठा गाणी लिहितो, धाकटा गातो.

"म्हणजे सातबारा मोठ्याच्या नावावर, अन् वहिवाट लहान्याची," काकाजी म्हणाले. "वाद होणारच होता."

इंग्रजी वर्तमानपत्रांनी या दोन भावांवर वीस वर्षं रकाने भरले, मानसशास्त्रज्ञांची मतं घेतली, पुस्तकं निघाली. एवढी नेमकी मांडणी कुणाला जमली असेल असं वाटत नाही.

28 ऑगस्ट 2009ला पॅरिसमध्ये, स्टेजवर जायच्या काही वेळ आधी, दोघांचं भांडण झालं. गिटार फुटली. मोठा निघून गेला आणि बँड त्याच रात्री संपला.

"धुरा किती फुटाचा होता?" काकाजींनी विचारलं.

इंजिनिअरनं समजावून सांगितलं की धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, प्रश्न नव्हता, शेतीच नव्हती, हे कलात्मक मतभेद होते. काकाजींनी मान हलवली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विहिरीच्या पाण्यावरून, बांधावरच्या बाभळीवरून, एका बैलजोडीवरून भाऊ तुटलेले पाहिले होते. ते सगळे त्यांना कलात्मक मतभेदच वाटत आले होते. धुरा कधीच दोन फुटांचा नसतो. आधी तो मनात पडतो, मग मोजणीवाला येतो.

"माय जिवंत हाय का त्यायची?"

आहे, असं कळलं.

"मंग होते समेट," काकाजी म्हणाले. आणि झाला की! 2024च्या ऑगस्टअखेर दोघांनी एकत्र येण्याची घोषणा केली, 4 जुलै 2025ला कार्डिफमध्ये हातात हात घालून स्टेजवर आले. सोळा वर्षं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्याच्या मानानं प्रकरण तडकाफडकी निकाली निघालं म्हणायचं.

पण या समेटात कृषी केंद्रवाल्यांना वेगळीच गोष्ट बोचली. तिकिटं विकायला काढली तेव्हा लोक ऑनलाइन रांगेत तासन्‌तास ताटकळले आणि रांगेत असतानाच दर वाढला. दीडशे पौंडांच्या आसपासचं उभं राहायचं तिकीट साडेतीनशेच्या वर गेलं. मागणी पाहून दर वर नेण्याची ही पद्धत, तिच्यावरून इंग्लंडात केवढा गहजब झाला, सरकारी चौकशी लागली. "रांगेत उभ्या माणसाचा भाव बदलला म्हणून चौकशी?" त्यांनी दोनदा विचारलं. इथे कापसाची गाडी रांगेत उभी असते आणि भाव रांगेतच बदलतो. फरक एवढाच की तो खाली येतो. 2025-26च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. कोल्डप्लेच्या जानेवारी 2025च्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमाचं सगळ्यात महाग तिकीट 35,000 रुपये, म्हणजे सव्वाचार क्विंटलच्या वर कापूस. तेही छापील दरात. काळ्या बाजारात ते लाखांत गेलं होतं. "चार क्विंटल देऊन वरून आपलं तोंडही पडद्यावर दिसण्याची जोखीम," ते म्हणाले आणि पुडी फोडली.

गन्स अँड रोझेसवर आमच्या खंडपीठात चर्चा होऊ शकत नाही. एकदा झाली होती. या बँडचा गायक अ‍ॅक्सल रोझ कार्यक्रमाला तासन्‌तास उशिरा यायचा, आणि 1993 नंतरचा पुढचा अल्बम त्यानं थेट 2008मध्ये काढला, पंधरा वर्षांनी, हे मोबाइलवाल्यानं हसत हसत सांगितलं. कुणी हसलं नाही. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावात असले विनोद करू नयेत, एवढं त्या पोराला कळायला हवं होतं.

राहिला मायकल जॅक्सन. त्याचं नाव काढलं की आधी अर्धा तास तो रॉकवाला की पॉपवाला यावर जातो. इंजिनिअर म्हणतो पॉप. मोबाइलवाला म्हणतो, 2001मध्ये त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि 'बीट इट'मध्ये गिटार खुद्द एडी व्हॅन हॅलेननं वाजवली, आता बोल. हा मुद्दा आजवर मिटलेला नाही. पण आपल्या राज्यात कुठल्या कलाकाराची भानगड सर्वांत दीर्घायुषी ठरली असेल तर ती याचीच, आणि गंमत म्हणजे त्यात त्या बापड्याचा काही हात नव्हता.

1 नोव्हेंबर 1996. अंधेरीच्या क्रीडा संकुलात जॅक्सन नाचला. मराठी तरुणांना रोजगार मिळावा म्हणून निघालेल्या शिव उद्योग सेनेच्या निधीसाठी हा कार्यक्रम होता. जॅक्सन मातोश्रीवर जाऊन आला, तिथलं स्वच्छतागृह त्यानं वापरलं, ही बातमीही तेव्हा छापून आली. पाश्चात्त्य संस्कृतीच्या नावानं खडे फोडायची ज्यांना सवय, त्यांच्याकडचे खडे तेवढ्यापुरते संपले असावेत. युती सरकारनं करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. रक्कम सव्वातीन कोटींच्या वर. ती अडकून पडली. प्रकरण चाललं. 2009च्या जूनमध्ये जॅक्सन वारला, प्रकरण चाललंच. 2011मध्ये उच्च न्यायालयानं माफीचा निर्णय रद्द करून सरकारला म्हटलं, पुन्हा नीट विचार करा. सरकारनं विचार केला. जवळपास दहा वर्षं केला. आणि जानेवारी 2021मध्ये, राज्य करोनाशी झुंजत असताना, मंत्रिमंडळानं विषय पुढे घेऊन कर पुन्हा माफ केला. सरकारं आली, गेली, उलटीसुलटी झाली. फाइल तेवढी जॅक्सनसारखी पुढे चालल्याचा भास देत मागे सरकत राहिली.

हे सगळं इंजिनिअरनं सांगितलं तेव्हा काकाजींच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा संगीतप्रेम पाहिलं. ओझी, कीथ, ते दोघे भाऊ, हे सगळे परके होते. ही फाइल आपली होती.

"2009ले मेला," ते बोटं मोजत म्हणाले. "माफी 2021ले. मधात वारसाची नोंद घेतली का नाही?"

इंजिनिअर म्हणाला, काकाजी, कर जॅक्सनवर नव्हता, कार्यक्रम भरवणाऱ्या कंपनीवर होता. वारसांचा संबंधच येत नाही.

"नसन येत. तरी मयताचा दाखला जोडून ठेवा लागते फाइलले. उद्या ऑडिटवाला आला अन् त्यानं विचारलं, ज्याच्यासाठी हे सारं केलं तो माणूस कुठं हाय, तं काय सांगसान? नाचून रायला म्हून?"

खर्रा घोटायचा थांबला. कुणी काही बोललं नाही. मेटॅलिकाच्या टी-शर्टातल्या पोरानं हळूच मोबाइल काढला आणि तलाठी भरतीच्या नोट्समध्ये 'मयत, वारस, फेरफार' असं टिपून घेतलं.