साउंडभाऊ

नवं मशीन घेणाऱ्या माणसाची साउंडभाऊंना मनापासून कीव येते. ‘खोक्याचा टेप फाडला का पैसे निम्मे झाले,’ असं ते म्हणतात. तो टेप दुसऱ्या कोणी फाडावा, दोन-तीन गणपती वाजवावेत, एकदा आपटावं, एकदा दुरुस्त करावं, मग ते मशीन आपण बघायला जाण्याच्या लायकीचं होतं. भद्रावतीत भजनी मंडळ असो, लग्नाचा ऑर्केस्ट्रा असो की शाळेचं गॅदरिंग, साउंड घ्यायचा म्हटलं की साउंडभाऊंना निरोप जातो. असे साउंडभाऊ वरोऱ्याला आहेत, मूलला आहेत आणि ब्रह्मपुरीला बहुधा प्रत्येक वॉर्डात आहेत. कुठे ते एसटीतले निवृत्त मेकॅनिक असतात, कुठे पंख्या-मोटारींचं वाइंडिंग करतात, कुठे नुसतेच कोणाचे तरी मोठे भाऊ असतात. आमच्याकडचा नमुना बरेचदा आयुध निर्माणीतून निवृत्त झालेला निघतो. त्यामुळे कोणतीही बंद पडलेली वस्तू ते आधी थोडं लांब उभं राहून बघतात.

स्वतः त्यांना एकही वाद्य वाजवता येत नाही. गळ्याबद्दल न बोललेलं बरं; आरतीत ते ओठ हलवतात एवढं लोकांनी पाहिलं आहे. पण भजन रंगात आलेलं असताना, बुवा डोळे मिटून टिपेला गेलेले असताना, मागच्या रांगेतून एक जण पुटपुटतो, ‘डावा बॉक्स फाटून राह्यला.’ ते साउंडभाऊ.

मंडळ त्यांच्याकडे येतं ते वर्गणी घेऊन. वर्गणी नेहमी ठरल्यापेक्षा कमी आणि मागण्या नेहमी ठरल्यापेक्षा जास्त. पेटी, तबला, चार टाळकरी, दोन खंजिऱ्या आणि एक नवीन शिकणारा सिंथेसायझरवाला, एवढ्यांचा आवाज नीट आला पाहिजे. शिट्टी वाजता कामा नये. इको पाहिजे, पण फार नको. आणि आवाज बसस्टँडपर्यंत गेला पाहिजे. रक्कम अठरा हजार. साउंडभाऊ ऐकून घेतात, चष्मा पुसतात आणि विचारतात, ‘बसस्टँडवर कोणाले ऐकवाचं आहे, गा?’

अध्यक्षांचं गणित सोपं असतं. अडीचशे वॉटचं मशीन आहे, पाचशेचं घेतलं की आवाज दुप्पट. इथे साउंडभाऊंचा आवडता तास सुरू होतो. वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल, म्हणजे चौकस माणसाच्या लक्षात येईल इतका. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट लागतात. आणि ऐकणारा दुप्पट लांब जाऊन बसला तर उघड्या मैदानात सहा डेसिबल आपोआप गळतात. ‘म्हणून मी काय म्हणतो,’ ते समारोप करतात, ‘मशीन मोठं घेण्यापरीस लोकायले जवळ बसवा. त्याले पैसे लागत नाही.’ हा सल्ला आजवर एकाही मंडळाने मानलेला नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या ‘पीएमपीओ’ वॉटबद्दल तर त्यांचं मत असं की ते एकक निवडणुकीच्या जाहीरनाम्यासाठी काढलं होतं, चुकून स्पीकरवर छापलं गेलं.

खरेदीचा त्यांचा पंचांगाशी पक्का हिशेब आहे. दिवाळी ते होळी सामान मागायचंच नाही. धान निघालेलं असतं, झाडीपट्टीत गावोगावी शंकरपट आणि मंडई भरते, वडशाच्या नाटक कंपन्या रात्रभर नाटकं करत हिंडत असतात. रात्री जेवण करून बसलेला प्रेक्षक पहाट फुटल्यावर उठतो, आणि तितका वेळ मशीन तापलेलं असतं. त्या दिवसांत भंगारातल्या भोंग्यालाही भाव असतो. पुढे वैशाखापर्यंत लग्नं. मग आषाढ लागतो. लग्नं नाहीत, नाटकं नाहीत, वावरात रोवणे चाललेले, गणपतीला अवकाश आणि साउंडवाल्याच्या डोक्यावर गेल्या सीझनची उधारी. छत गळतं, बॉक्स भिजतात, बायको विचारते हे केव्हा हलवता. त्याच आठवड्यात साउंडभाऊ भांदक स्टेशनावर पिशवी घेऊन उभे दिसतात. जायचं कधी नागपूरला सीताबर्डीवर, कधी चंद्रपूरला, कधी एसटीने वडशाकडे. फी एकच: जाण्यायेण्याचं भाडं आणि तर्री-पोहे.

पिशवीत पाच वस्तू असतात. स्क्रूड्रायव्हर, मीटर, टॉर्चचा एक सेल, गोणपाटाचा तुकडा आणि खंजिरी.

आधी मशीनचं झाकण उघडायचं. विकणारा म्हणतो, ‘वॉरंटीचं सील तुटन ना भाऊ,’ तेव्हा साउंडभाऊ त्या सीलची तारीख वाचून दाखवतात. आत धूळ असतेच, आणि त्यांच्या मते मशीन खोटं बोलू शकतं, धूळ नाही. काळी, तेलकट, बोटाला चिकटणारी असेल तर माल घुग्गुस-माजरीकडून आला, कोळशाच्या खाणीजवळ वाजला. पांढरी आणि पावसाचा ओलावा लागून चक्क गोळे झालेली असेल तर गडचांदूर, सिमेंटवाल्यांचं. तांदळाचा कोंडा आणि भुसा निघाला तर मूल-सिंदेवाहीचं, बहुतेक राइसमिलच्या गोडाऊनमध्ये उन्हाळा काढलेलं. ‘एकाच घरचं आहे, भाऊ, घराबाहेर काढलं नाही,’ म्हणणाऱ्याला ते तिन्ही धुळी वेगवेगळ्या करून दाखवतात. मग कपॅसिटर. त्याचं डोकं सपाट असलं पाहिजे. फुगलेलं असेल तर ते दिवस मोजत आहे. आतल्या ट्रान्सफॉर्मरला नाक लावून वास घेतात. एकदा जळून पुन्हा गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा वार्निशचा वास त्यांना, लोक सांगतात, दाराबाहेरून येतो.

बॉक्सची तपासणी हलक्या हाताची. कोनावर दोन्ही हातांची बोटं समान पसरून तो अलगद आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. खर्र आवाज आला की कॉइल घासते. मीटर लावायचं. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. मग तो टॉर्चचा सेल. सेलची टोकं स्पीकरला क्षणभर टेकवायची, अधिकला अधिक. कोन बाहेर उडी मारतो. आत गेला तर कोणीतरी दुरुस्तीत तारा उलट्या जोडल्या आहेत. अशी एक सुलट, एक उलट पेटी शेजारी शेजारी ठेवली की दोघी एकमेकींचा बेस खातात आणि मंडळ महिनाभर तबलजीला शिव्या देतं. दीड व्होल्टच्या या सेलवर साउंडभाऊंनी कितीतरी तबलजींची अब्रू वाचवली आहे.

माइकचा प्रकार वेगळा. शुअर कंपनीचा एसएम-५८ हा गायकी माइक १९६६ पासून जगभर चालतो, आणि जितके कंपनीने बनवले असतील त्याहून जास्त तर आपल्याकडेच विकले गेले असावेत असं बाजारात फिरल्यावर वाटतं. दिसायला सगळे सारखे. साउंडभाऊ तो माइक उचलून शेजारच्या किराणा दुकानात जातात आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात. अस्सल माइक तीनशे ग्रॅमला दोन कमी भरतो. नकली बहुधा हलका. दुकानदार सवयीने विचारतो, ‘काय देऊ?’

इतकं झाल्यावर वाजवून बघणं. इथे बाकीचं जग ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ म्हणतं. साउंडभाऊ माइक हातात घेऊन धीरगंभीर आवाजात म्हणतात, ‘भांदक, ताडाळी, चंद्रपूर, बल्लारशा.’ बघ्यांना वाटतं गाडीची घोषणा झाली. पण त्यात शास्त्र आहे. ‘भां’ला बेस कळतो, ‘पू’ला माइक किती फुफाटतो ते कळतं आणि शेवटच्या ‘शा’ला ट्विटर जिवंत आहे की नाही ते. ट्विटर मेलेला असेल तर गाडी बल्लारशाला पोचतच नाही. त्यानंतर खंजिरी. तुकडोजी महाराजांचा हा मुलूख, खंजिरी घरोघर. पण स्पीकर तपासायला ती वापरण्याची कल्पना त्यांचीच. चामड्यावर थाप पडली की खालचा स्पीकर बोलतो, झांजा किणकिणल्या की वरचा. एका हातात अख्खी तपासणी. शेवटी गोणपाट. चालू मशीनवर ते टाकून अर्धा तास पूर्ण आवाजात वाजवायचं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. वैशाख त्या मशीनला ते आषाढातच दाखवून ठेवतात. मशीन टिकतं बहुतेक वेळा. मालकाला मात्र घाम फुटलेला असतो, आणि भाव तेव्हाच करायचा असतो.

बारा हजार सांगितलेल्या मशीनला साउंडभाऊ पाच म्हणतात आणि गप्प बसतात. ते गप्प बसणं पाहण्यासारखं असतं. बटणांची खरखर, एक जळका दिवा, पी-३८च्या दोन सैल पिना, वाकलेली कॅनन पिन, सगळं कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद ते फक्त मधूनमधून बघतात.

असा हा माणूस. बापावरही मीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. आणि नेमका इथेच तो फसतो, कारण मालक शेवटचा डाव टाकतो. मशीनवर हात ठेवून म्हणतो, ‘भाऊ, पैशाचं सोडा. पण हे कोणाकडं वाजलेलं आहे, माहीत आहे का?’

साउंडभाऊंचा चष्मा खाली येतो. मशीनच्या गुणदोषांवर त्यांना कोणी फसवू शकत नाही, पण मशीनच्या खानदानावर कोणीही फसवावं. माल वरोऱ्याकडचा असेल तर तो आनंदवनातल्या ‘स्वरानंदवन’मध्ये वाजलेला असतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून तर वडशाकडून येणाऱ्या प्रत्येक बॉक्सने त्यांच्याच नाटकात काम केलेलं असतं. साउंडभाऊ या गोष्टी कागदावर लिहीत नाहीत. थेट काळजात घेतात. पाचावर अडलेला माणूस आपणहून साडेसातवर येतो. एकदा एकाने त्यांना आहुजाचं एक मशीन राष्ट्रसंतांच्या भजनाला वाजलेलं म्हणून दाखवलं. तुकडोजी महाराज गेले १९६८ साली. मशीनला पेनड्राइव्हची खाच होती. साउंडभाऊंनी ती पाहिली, बोटाने चाचपली, आणि बराच विचार करून म्हणाले, ‘मागून बसवली असन.’

ते मशीन मंडळाला पटलं नाही म्हणून त्यांनी स्वतःच ठेवून घेतलं. असं बरंच काही त्यांच्या घरी आहे. ओसरीत युनिट गेलेले भोंगे आहेत. त्यातला सर्वांत मोठा पालथा घातला की त्याखाली कोंबडीची सगळी पिल्लं मावतात आणि वरच्या भोकातून हवाही खेळते. काकू एरवी साउंडबद्दल चांगलं बोलत नाहीत, पण घारीपासून पिल्लं वाचवावी तर आहुजानेच, हे त्या मान्य करतात.

परवा सिंदेवाहीकडचा एक पोट्टा त्यांच्याकडे आला. नवीन ऑर्केस्ट्रा काढतोय, मशीन पाहिजे. साउंडभाऊंनी तेच राष्ट्रसंतांचं काढलं आणि नऊ हजार सांगितले. पोराने खिशातून फोन काढला आणि विचारलं, ‘काकाजी, स्कॅनर कुठी आहे?’

साउंडभाऊ हबकले. ‘झाकण उघडून पाह्यलं?’

‘नाही.’

‘वाजवून पाह्यलं?’

‘तुमी म्हनता ना चांगलं आहे म्हनून.’

‘अरे, मी तं म्हणनच! मी इकणारा हाओ ना लेका!’

त्यांना ते सहन झालं नाही. पोराला त्यांनी खाली बसवलं, हातात स्क्रूड्रायव्हर दिला. धूळ ओळखायला लावली, कपॅसिटरची डोकी मोजायला लावली, ट्रान्सफॉर्मरचा वास घ्यायला लावला. बल्लारशापर्यंतची स्टेशनं म्हणायला लावली. पोरगं हुशार निघालं. अर्ध्या तासाने त्याने मान वर केली. ‘काकाजी, दोन कपॅसिटर फुगले. ट्रान्सफॉर्मर रिवाइंड आहे. आवाजाचं बटण खरखरते. साडेतीन देतो.’

साउंडभाऊंचा चेहरा आनंदाने फुलला. काकूंना चहा टाकायला सांगितलं. पोराच्या पाठीवर थाप मारली, ‘याले म्हणते घेणारा!’ असं दोनदा म्हणाले. मग आकडा त्यांच्या डोक्यात पोचला.

‘साडेतीन?’ ते म्हणाले. हात आपोआप मशीनवर गेला. ‘बेटा, पैशाचं सोड. पण हे कोणाकडं वाजलेलं आहे, माहीत आहे का?’