मानकोलीत बेजिंगची वेळ

मुंबईकर मोबाइलवर जे काही मागवतात, त्यातलं बरंचसं आधी आमच्या भिवंडीत मुक्काम करतं. मानकोली, अंजूरफाटा, पूर्णा, राहनाळ... जिथे एकेकाळी भात लावायचे तिथे आता गोदामं उगवली आहेत. त्यामुळे गाडीसाठी नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन मागवली आणि 'पार्सल भिवंडी हबमध्ये दाखल' असा मेसेज आला, तेव्हा मी दारात जाऊन उभाच राहिलो. पार्सल तिथून नवी मुंबईला गेलं, मग ठाण्याला, आणि सगळ्यांच्या गाठीभेटी घेऊन परत भिवंडीला आलं. घरापासून हाकेच्या अंतरावरची वस्तू, पण मी सुट्टीत फिरतो त्यापेक्षा जास्त फिरून आली.

स्क्रीन कशाला, असा प्रश्न फक्त भिवंडीबाहेरचा माणूस विचारील. इथे गाडी चालवायची नसते, गाडीत बसायचं असतं. कशेळीच्या पुलावरून निघालेला माणूस अंजूरफाट्याला पोचेपर्यंत जुन्या सीडी प्लेअरमधली सगळी गाणी संपतात, पुन्हा सुरू होतात आणि नकोशी होतात.

दुकानदाराने सांगितलं होतं की गाडीच्या मॉडेलचा कपलर घ्या, म्हणजे एकही वायर कापावी लागणार नाही. बसवून देण्याचे पैसेही त्याने सांगितले. मी हसलो. गाडीच्या स्टिरिओची खाच जर्मनांनी ठरवून ठेवलीय, तिला डिन म्हणतात. रुंदी 180 मिलिमीटर, उंची 50, आणि उंची दुप्पट केली की डबल डिन. जगभर हेच माप. इतकं ठरलेलं असताना कपलर कशाला? हे मी ज्या आत्मविश्वासाने बायकोला समजावलं, त्यातला निम्मा जरी हातात उतरला असता तर हा लेख झाला नसता.

डॅशबोर्डची पट्टी काढायचा व्हिडिओ होता. त्यातला माणूस ती दोन बोटांनी अलगद ओढत होता. माझ्या ओढण्याने 'कट्' असा आवाज आला, आणि मग दुसऱ्या बाजूनेही आला, म्हणजे निदान दोन्हीकडे सारखं झालं. व्हिडिओतल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, हे बरंच उशिरा लक्षात आलं. एक स्क्रू आत पडला. तो अजून आतच आहे आणि प्रत्येक खड्ड्याला हजेरी देतो. कल्याण नाक्यापर्यंत जाऊन आलं की त्याचा घसा बसत असावा.

समोरचे अण्णा खुर्ची टाकून बघत होते. पद्मशाली माणूस, आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर. ताण्याच्या हजारो दोऱ्यांतला नेमका तुटलेला दोरा शोधून गाठ मारण्यात त्यांची नजर तयार झालेली.

"ते पिवळं कुठं जोडलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं बरोबर."

"आणि लाल?"

"तेही बसलं."

आता सांगतो. पिवळ्या वायरला बॅटरीचा करंट कायम लागतो, कारण यंत्राची आठवण तिच्यावर टिकते. लाल वायरला तो चावी फिरवल्यावर मिळायला हवा. माझ्याकडे ही जोडणी उलटी झाली. म्हणजे चावी काढली की स्क्रीन सगळं विसरून जायची आणि पुन्हा चावी लावली की कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी चिनी भाषेत स्वागत करायची. घड्याळही बेजिंगचं, आपल्या अडीच तास पुढे. मी दररोज सकाळी गिअरच्या चित्रावर बोट ठेवून, अंदाजाने चौथी ओळ दाबून तिला पुन्हा भारतात आणू लागलो. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे दोरा तुटला की माग थांबतो. तुमचं तर चालूच आहे की हो!"

कल्याणला लग्न होतं, मुहूर्त दुपारी 12:35 चा. पावणेअकराला गाडी सुरू केली आणि स्क्रीनवर सव्वा वाजला. "अहो, अक्षता पडल्यासुद्धा!" म्हणून हिने जो सूर लावला, तो रांजणोलीपर्यंत टिकला. तेवढ्यात फोनचं ब्लूटूथ जुळलं आणि मेहुणीचा आवाज गाडीच्या चारही स्पीकरमधून आला, "ताई, भावोजींनी तो टीव्ही खरंच एवढ्याला घेतला?" हिला मी जी किंमत सांगितली होती, ती वेगळी होती.

पण स्क्रीनला जोडलेल्या कॅमेऱ्याची कथा निराळी. मागचा कॅमेरा गाडी रिव्हर्समध्ये टाकली की दिसायला हवा. त्यासाठी त्याची ट्रिगर वायर रिव्हर्सच्या दिव्याला जोडायची असते. मी ती शेजारच्या दिव्याला जोडली, जो हेडलाइटबरोबर लागतो. परिणाम असा, की अंधार पडला आणि दिवे लावले, की पुढचा नकाशा गायब आणि पडद्यावर मागचा कंटेनर हजर, त्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल रेषांसकट. मानकोलीच्या कोंडीत मला पुढे काय चाललंय ते कळत नाही, पण मागच्या ट्रकच्या ड्रायव्हरने तंबाखू कधी मळली ते कळतं. नकाशा बघायचा तर गाडी बाजूला घेऊन दिवे बंद करायचे. शिवाय शेजारून धावतं वर्णन: "आला, आला, पिवळ्यात आला! अहो, लाल रेषेत आला!"

मी हिला पॉल गॅल्विनची गोष्ट सांगून पाहिली. 1930 साली त्याने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्यातून मोटोरोला हे नाव जगाला मिळालं. एका बँकवाल्याच्या गाडीत त्याने रेडिओ बसवून दिला, तर अर्ध्या तासात गाडीच पेटली, असं सांगतात. म्हणजे मोठ्या माणसांचंही असंच होतं. ही म्हणाली, "त्याने निदान दुसऱ्याची जाळली."

शेवटी वंजारपट्टी नाक्याजवळ एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने पट्टी काढली (ती आता हात लावताच निघते), आतला गुंता टॉर्चने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे कोणी बसवलं?"

"आधीच्या मालकाने," मी म्हणालो.

"अहो, पण आपण तर शोरूममधून..." मागच्या सीटवरून आवाज आला.

इलेक्ट्रिशियनने मान वर केली नाही. लाल-पिवळ्या वायरी सोडवत तो म्हणाला, "भेटले तर त्यांना सांगा साहेब, टेप मात्र छान गुंडाळली होती."